मराठवाड्याचा काळा दगड आणि हिंदी महासागरातली बेटं: बेटावर झाडांच्या किती प्रजाती राहतील, हे कशावर ठरतं?

वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या दगडात कोरलंय, तो दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. भारताचा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकताना तो पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून गेला. भूशास्त्रात अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. तिथून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. पुढे भारत निघून गेला, हॉटस्पॉट मात्र जवळपास होता तिथेच राहिला. त्याच्यावरून समुद्राचा तळ सरकत गेला आणि एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहेत, ती रांग त्यातलीच. मॉरिशस त्यानंतरचं. आज तो हॉटस्पॉट रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे.

म्हणजे बालाघाटाचे डोंगर, लक्षद्वीप, मॉरिशस आणि रियुनियन यांचा उगम एकच, वयं वेगळी. बेटाची जमीन उभी राहते, झिजते, खचते, कधी शेजारच्या जमिनीला जोडली जाते, कधी तुटते. या प्रत्येक बदलानं तिथल्या झाडाझुडपांचं काय होतं, हे समजून घ्यायला ही बेटांची रांग फार उपयोगाची आहे. शिवाय त्यातून जे कळतं ते आपल्याकडच्या टेकड्यांना आणि नाथसागरातल्या बेटांनाही लावून बघता येतं.

आधी क्षेत्रफळाचा हिशेब

१९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटांवरच्या जीवसृष्टीचा एक साधा नियम सविस्तर मांडला. बेटावर बाहेरून नव्या प्रजाती येत राहतात आणि असलेल्यांपैकी काही संपत जातात. येणं आणि संपणं बरोबरीत आलं की प्रजातींचा आकडा एका ठिकाणी स्थिरावतो. बेट मुख्य भूमीपासून जितकं लांब, तितकं बी पोचणं अवघड. बेट जितकं लहान, तितकी एकेका प्रजातीची झाडं मोजकी. मग एखादं चक्रीवादळ, एखादा दुष्काळ किंवा कीड आली की ती प्रजात तिथून कायमची जाते.

यातल्या क्षेत्रफळाच्या भागाचं गणितही बसवता येतं. बेटांच्या बाबतीत प्रजातींची संख्या साधारण क्षेत्रफळाच्या ०.२५ ते ०.३५ या घाताप्रमाणे वाढते. घात ०.३ धरला तर दहापट जमिनीवर प्रजाती दहापट होत नाहीत, दुप्पटच होतात. उलट्या बाजूनं बघा: अधिवासाची ९० टक्के जमीन गेली तर शेवटी निम्म्या प्रजाती जातात, आणि ९९ टक्के गेली तर चारातल्या तीन. ‘शेवटी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हे लगेच घडत नाही. त्याकडे पुढे येऊ.

हा नियम उपयोगी आहे, पण त्यात बेट हा जागचा न हलणारा ठोकळा धरलाय. खरं बेट तसं नसतं. सारख्याच क्षेत्रफळाची, किनाऱ्यापासून सारख्याच अंतरावरची दोन बेटं घेतली तरी त्यांच्यावरच्या झाडांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तो फरक समजायला जमिनीचा इतिहास बघावाच लागतो.

बेटाचं वय

रियुनियन हे समुद्रातून वर येऊन सुमारे २० ते ३० लाख वर्षं झालेलं बेट आहे. भूशास्त्राच्या हिशेबानं तरुण. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या चौथाई. पण तेवढ्या जागेत समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच डोंगर उभा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे किनाऱ्यावर ३० अंश असेल तेव्हा माथ्यावर १० ते ११ अंश असतात, आणि हिवाळ्यात तिथे दव गोठतं. म्हैसमाळला गेल्यावर छत्रपती संभाजीनगर शहरापेक्षा दोन-तीन अंश गार वाटतं आणि पावसाळ्यात तिथे खालच्या माळावर न दिसणारी झाडोरी दिसते. तोच परिणाम रियुनियनवर कितीतरी पटींनी होतो.

त्यात वाऱ्याची भर. पूर्वेकडून येणारे ओले वारे डोंगराला अडतात आणि पूर्व उतारावर वर्षाला कित्येक मीटर पाऊस पडतो. २४ तासांतल्या सर्वांत जास्त पावसाचा जागतिक विक्रम याच बेटावर आहे: ७ आणि ८ जानेवारी १९६६ रोजी फॉक-फॉक इथे १,८२५ मिलिमीटर. मराठवाड्यात सरासरी दोन वर्षांत पडतो तेवढा पाऊस एका दिवसात. आणि डोंगराच्या पलीकडे, पश्चिम किनाऱ्यावर, कोरडं झुडपी रान. एकाच बेटावर दमट जंगल, धुक्यातलं जंगल, माथ्यावरची खुरटी झुडपं आणि कोरडं रान, असे अधिवास उंचीप्रमाणे आणि दिशेप्रमाणे लागून असतात. सपाट बेट याच्या दसपट मोठं असलं तरी इतके अधिवास देऊ शकत नाही.

ज्वालामुखी जागा असल्यामुळे जमीन नव्यानं घडत राहते. लाव्हा उतरतो, जंगल जाळतो, काळा खडक मागे ठेवतो. त्या खडकावर पहिली वस्ती करतं दगडफूल. आपण काळ्या मसाल्यात घालतो त्याच गटातलं, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र राहणं. ओल्या बाजूला काही वर्षांत खडक त्यानं राखाडी दिसू लागतो. मग भेगांत नेचे येतात. नेच्यांची बीजं धुळीसारखी हलकी असतात, वाऱ्यानं कुठेही पोचतात. काही दशकांत झुडपं धरतात. पूर्ण वाढलेलं जंगल उभं राहायला शतकं लागतात. लाव्ह्याचे ओघ वेगवेगळ्या काळात उतरलेले असल्यामुळे एकाच उतारावर दहा वर्षांचा, शंभर वर्षांचा आणि हजार वर्षांचा तुकडा शेजारी-शेजारी असतो, आणि प्रत्येकावर झाडं वेगळी.

मग पाऊस दगड कापायला लागतो. रियुनियनच्या पोटात मफात, सलाझी आणि सिलाओस अशी तीन प्रचंड खोरी कोरली गेली आहेत, त्यांचे कडे शेकडो मीटर उभे. बेटावर नव्या प्रजाती तयार होण्याचं खरं काम अशा जागी होतं. समजा एकाच प्रजातीची झाडं एका खोऱ्यात आहेत आणि कड्यापलीकडच्या दुसऱ्या खोऱ्यातही आहेत. परागकण आणि बी एका बाजूकडून दुसरीकडे क्वचितच जातं. एका खोऱ्यात सावली आणि ओल, दुसऱ्यात ऊन आणि पातळ माती. पिढ्यानपिढ्या दोन्हीकडची झाडं आपापल्या जागेप्रमाणे बदलत जातात. हजारो पिढ्यांनंतर एकमेकांशी संकर होईनासा झाला की दोन प्रजाती झाल्या. बाहेरून एकही नवं बी न येता आकडा वाढला.

आता मॉरिशस. रियुनियनपासून दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, वय सुमारे ८० लाख वर्षं. पावसानं आणि वाऱ्यानं झिजून आज तिथलं सर्वांत उंच शिखर फक्त ८२८ मीटर उरलंय. क्षेत्रफळ रियुनियनपेक्षा कमी, उंची तर खूपच कमी. नुसता क्षेत्रफळाचा नियम लावला तर मॉरिशसवर झाडं कमी असायला हवीत. प्रत्यक्षात तिथे मूळच्या सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ७०० प्रजाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अशा वनस्पतींना प्रदेशनिष्ठ म्हणतात.

टेंभुर्णीचं उदाहरण आपल्याला पटकन कळेल. किनवट-माहूरच्या जंगलात तेंदूपत्ता जिच्यावरून तोडतात ती टेंभुर्णी आणि आबनूस म्हणजे एबनीचं काळं लाकूड देणारी झाडं एकाच प्रजातीसमूहातली. या समूहाच्या मॉरिशसवर डझनभर प्रदेशनिष्ठ प्रजाती आहेत. मोठ्या, उंच, पण वयानं लहान रियुनियनवर एकच. मॉरिशसला वेळ मिळाला. ते उंच होतं, मग कापलं गेलं, पुन्हा लाव्हा आला, पुन्हा कापलं गेलं, आणि या सगळ्यात झाडांना वेगळं व्हायला लाखो वर्षं मिळाली.

शेवटची पायरी लक्षद्वीपची. त्याखालचा ज्वालामुखी कधीच समुद्राखाली खचला. वर आहे ते प्रवाळानं रचलेलं चुनखडीच्या वाळूचं कडं, समुद्रापासून काही मीटर उंच. सगळ्या बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. डोंगर नाही, खोरं नाही, ओढा नाही. गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. इथे टिकतात ती समुद्रावाटे तरंगत येणारी, मीठ सोसणारी झाडं: नारळ, केवडा, उंडी, मर्यादवेल. हीच झाडं हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या असंख्य किनाऱ्यांवर आहेत, त्यामुळे फक्त लक्षद्वीपमध्ये वाढणारं असं जवळजवळ काही सापडत नाही. ती रांग उंच असताना तिच्यावर वाढलेल्या ज्या प्रजाती शेजारच्या नव्या बेटावर पोचू शकल्या नाहीत, त्या डोंगराबरोबरच पाण्याखाली गेल्या.

तर क्रम असा: बेट उभं राहतं तेव्हा प्रजाती थोड्या, ते कापलं जाऊन खोरी पडतात तेव्हा सर्वांत जास्त, झिजून सपाट झालं की पुन्हा थोड्या. रॉबर्ट व्हिटेकर, कोस्तास त्रिआंतिस आणि रिचर्ड लॅडल यांनी २००८ साली हे चढउताराचं प्रारूप मांडलं. ते ज्वालामुखी बेटांना लागू पडतं. मुख्य भूमीपासून तुटून वेगळ्या झालेल्या बेटांना ते जसंच्या तसं लावू नये, कारण ती बेटं जन्मतःच झाडं घेऊन आलेली असतात.

समुद्र वर-खाली होतो तेव्हा

झीज लाखो वर्षांची असते. समुद्राची पातळी त्यापेक्षा खूप लवकर बदलते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता. ते पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलं होतं.

याचा अर्थ काय, ते पैठणच्या नाथसागरावर दिसतं. १९७६ साली जायकवाडी धरण सुरू झालं, गोदावरीचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरलं आणि जुन्या शिवारातले उंचवटे बेटं झाले. धरण भरलेलं असतं तेव्हा ती सगळीकडून पाण्यात. पाणी उतरलं की गाळपेर जमीन उघडी पडते, काही बेटं काठाला जोडली जातात, शेळ्या चालत जातात, त्यांच्या लेंड्यांतून आणि केसांना चिकटून बी जातं. एका वर्षाच्या आत जोडणं आणि तुटणं दोन्ही होतं. समुद्रात हेच चक्र हजारो वर्षांचं.

इथे उताराचं गणित लक्षात ठेवा. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर पाणी एक मीटर उतरल्यावर शंभर मीटर जमीन उघडी पडते. समुद्र १२० मीटर उतरला आणि तळाचा उतार तेवढाच असला, तर बारा किलोमीटर. म्हणून उथळ समुद्रातली बेटं हिमयुगात कितीतरी मोठी होती, आणि कड्यासारखा उतार असलेली बेटं जवळपास होती तेवढीच राहिली. अंदमानची मुख्य बेटं उथळ पाण्यानं वेगळी झालेली आहेत. ती तेव्हा एक होती. अंदमान आणि निकोबार यांच्यामधली सुमारे दीडशे किलोमीटरची टेन डिग्री खाडी मात्र खोल. ती तेव्हाही पाण्याखालीच होती, आणि दोन्हीकडच्या वनस्पती आजही बऱ्याच वेगळ्या आहेत.

मॉरिशसच्या उत्तरेला साया द माल्हा नावाचा प्रचंड उथळ पट्टा आज पाण्याखाली आहे. समुद्र खाली असताना त्याचा मोठा भाग उघडा होता. आशियाकडून येणाऱ्या बियांना आणि पक्ष्यांना वाटेत उतरायला जागा होती. आज नकाशावर मॉरिशस जितकं एकाकी दिसतं, तितकं ते कायम नव्हतं.

याचा एक परिणाम आजही मोजता येतो. जगभरच्या बेटांवरच्या सपुष्प वनस्पतींच्या २०१६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की जी बेटं हिमयुगात मोठी होती, त्यांच्यावर प्रदेशनिष्ठ प्रजाती आजही जास्त आहेत. जी तेव्हा दुसऱ्या जमिनीला जोडलेली होती, त्यांच्यावर कमी, कारण जोडणीतून सरमिसळ होते आणि वेगळेपण टिकत नाही. आजचं क्षेत्रफळ मोजून हे कधीच कळलं नसतं.

एका दिवसात बदललेली बेटं

इंडोनेशियातलं क्राकाताऊ हे ज्वालामुखी बेट २७ ऑगस्ट १८८३ रोजी फुटलं आणि उरलेला तुकडा गरम राखेखाली गाडला गेला. तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेले तेव्हा आतल्या भागात प्रामुख्यानं नेचे आणि किनाऱ्यावर समुद्रातून तरंगत आलेली झाडं होती. मग गवताळ रान झालं, आणि त्यातलं एक मुख्य गवत म्हणजे कास, गोदाकाठी भाद्रपदात पांढरे तुरे काढणारं तेच. त्याचं बी वाऱ्यानं जातं. पुढच्या पन्नासएक वर्षांत पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी उंबर-पिंपळाच्या जातीची झाडं आणली आणि जंगल दाट होत आलं. वारा, समुद्र, मग फळं खाणारे प्राणी असा हा क्रम. त्याच जागी १९२७ साली समुद्रातून वर आलेलं अनाक क्राकाताऊ मात्र अजून बव्हंशी उघडं आहे. बी तिथेही पोचतं, पण ज्वालामुखी दर काही वर्षांनी पाटी पुसतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी तर बेटाचा मोठा भाग समुद्रात कोसळला.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानची उत्तर बाजू वर उचलली गेली आणि निकोबार खचलं. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरच्या वर खाली गेलं. कांदळवनांचं नुकसान दोन्हीकडे झालं, कारणं उलटी. उत्तरेला भरतीचं पाणी मुळांपर्यंत पोचेना म्हणून ती वाळली. निकोबारला ती कायमची पाण्यात राहिली म्हणून कुजली. कांदळवनाला भरती-ओहोटीच्या मधला एक अरुंद पट्टा लागतो आणि जमीन एक-दोन मीटर हलली तरी तो पट्टा तिथून निघून जातो. मात्र निकोबारला जिथे पूर्वी नारळाच्या बागा होत्या, अशा काही जागी भरतीचं पाणी पोचू लागलं आणि कांदळाची रोपं तिथे नव्यानं धरली.

मराठवाड्यातली बेटं आणि ती मोजायची कशी

सोयाबीन-कापसाच्या सलग शिवारात उभी असलेली मुरमाड टेकडी, ही तिथल्या सालई, धावडा, मोई, पवना गवत यांच्या दृष्टीनं बेटच आहे. नांगरट हा त्यांचा समुद्र. बालाघाटाची सुटी पडलेली टेकाडं, अजिंठ्याच्या रांगेतले माथे, गावचं गायरान, देवस्थानाची राखीव रान-पट्टी, सगळ्यांना वरचे नियम लागू होतात. फरक इतकाच की इथला समुद्र पन्नास-शंभर वर्षांत चढला, आणि नव्या प्रजाती तयार व्हायला लागणारा वेळ इथे हिशेबातच नाही.

शाळा-कॉलेजच्या गटाला किंवा गावच्या जैवविविधता समितीला हे मोजता येतं. लागणारं सामान: पन्नास मीटरची टेप, सुतळी, चार खुंट्या, वही, जागा नोंदवायला फोन, नमुने दाबायला जुनी वर्तमानपत्रं आणि दोन फळ्या.

आधी एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखा आणि त्यातली प्रत्येक प्रजात लिहा. मग तीच चौकट वाढवून दोन बाय दोन करा आणि फक्त नव्यानं दिसलेल्या प्रजाती लिहा. पुढे चार बाय चार, आठ बाय आठ, सोळा बाय सोळा. एकाच कोपऱ्यापासून वाढवत न्या. अशा निदान तीन-तीन चौकटी उत्तर उतारावर, दक्षिण उतारावर, माथ्यावर आणि ओढ्याच्या काठी. उत्तर उतार वेगळा धरायचाच, कारण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे ऊन तिरपं पडतं, ओल जास्त टिकते आणि झाडोरा दाट असतो. सगळ्या चौकटी एकाच उतारावर घेतल्या, तर टेकडी आहे त्याहून गरीब दिसते.

वर्षातून तीन फेऱ्या हव्यात. पहिली पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, कारण कंदवर्गीय झाडं तेव्हा फुलतात आणि नंतर पानावरून ओळखू येत नाहीत. दुसरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, गवतं तुऱ्यावर असताना. तुरा नसलेलं गवत ओळखायचा प्रयत्न करू नये, बहुतेक वेळा चुकतं. तिसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस-सालईसारखी झाडं फुलावर असताना. दुष्काळी वर्षात मोजलेल्या एकट्या आकड्यावर विसंबू नका. कित्येक वर्षायू झाडांचं बी मातीत पडून राहतं आणि पावसाच्या वर्षी उगवतं.

दोन टेकड्यांवरून घात काढणं सोपं आहे. समजा ४ हेक्टरच्या टेकडीवर ४० प्रजाती मिळाल्या आणि तशाच ४० हेक्टरच्या टेकडीवर ७६. जमीन दहापट, प्रजाती १.९ पट. १.९ चा दहाच्या पायाचा लॉगरिदम ०.२८, त्याला जमिनीच्या पटीच्या, म्हणजे १० च्या, लॉगरिदमनं (तो १) भागायचं. घात ०.२८, म्हणजे या टेकड्या खऱ्या बेटांसारख्या वागताहेत. तो ०.१५ च्या आसपास आला तर टेकड्यांमध्ये बियांची ये-जा बऱ्यापैकी चालू आहे, असा पहिला अंदाज बांधता येतो. दोनच टेकड्यांवर निष्कर्ष काढू नका. आठ-दहा तरी घ्या, आणि प्रत्येकीवर चौकटींची संख्या सारखी ठेवा. मोठ्या टेकडीवर तिचे ओढे-घळी वेगळ्यानं फिरून पूर्ण यादी करा, पण ती यादी चौकटींच्या आकड्यात मिसळू नका. बहुतेक चुका या मिसळण्यातून होतात.

वेडी बाभूळ, घाणेरी, काँग्रेस गवत, आणि नाथसागराच्या काठी बेशरम, ही सगळी बाहेरून आलेली. त्यांची यादी वेगळी करा. बालाघाटात सगळीकडे दिसणारं सीताफळही मूळचं अमेरिकेतलं आहे. ते गावाच्या कामाचं आहे, पण मूळच्या प्रजातींच्या आकड्यात धरायचं नाही. धरणातल्या बेटावर पाण्याच्या वर-खाली होणाऱ्या पट्ट्यातली झाडंही वेगळी मोजा, ती दरवर्षी नव्यानं येतात. बेटाची खरी झाडं भरलेल्या पाण्याच्या रेषेच्या वर.

सर्वांत महत्त्वाची नोंद बहुतेक याद्यांत नसते: रोपटी. प्रत्येक झाडाच्या प्रजातीसाठी तीन रकाने करा. ३० सेंटिमीटरपर्यंतची रोपं, त्यापुढे छातीच्या उंचीपर्यंतची, आणि त्याहून मोठी झाडं. एखाद्या प्रजातीची पन्नास मोठी झाडं आहेत आणि पहिले दोन्ही रकाने रिकामे आहेत, तर ती यादीत आहे, पण तिथून जाण्याच्या वाटेवर आहे. झाडं शंभर वर्षं जगतात म्हणून तोटा दिसायला शंभर वर्षं लागतात. वर ‘शेवटी’ म्हटलं ते यासाठी. व्हेनेझुएलात गुरी धरणाच्या पाण्यानं डोंगरांची बेटं झाली तेव्हा लहान बेटांवरून शिकारी प्राणी गेले आणि पानं खाणारी माकडं, इग्वाना, पानकापी मुंग्या बेसुमार वाढल्या. मोठी झाडं उभी राहिली, खालची रोपं मात्र झपाट्यानं कमी झाली.

मॉरिशसजवळ इल ओ एग्रेत नावाचं २६ हेक्टरचं बेट आहे. तिथल्या आबनूसाच्या झाडांची मोठी फळं झाडाखालीच पडून राहायची, कारण ती खाऊन बी लांब नेणारी मूळची मोठी कासवं माणसांनी संपवली होती. २००० सालापासून तिथे आल्डाब्रा बेटावरच्या प्रजातीची मोठी कासवं सोडली. त्यांनी फळं खाल्ली, बी लांबवर पडलं, आणि कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजलं. तिथे जमीन तीच होती, झाडंही होती. तुटली होती ती बी हलवणारी साखळी.

आपल्या टेकडीवर रोपटी नसतील तर कारण शोधायला एक सोपी चाचणी आहे. वीस मीटर बाय वीस मीटरचा तुकडा काटेरी कुंपणानं बंद करा आणि शेजारी तेवढाच तुकडा फक्त खुंट्या ठोकून उघडा ठेवा. दोन्हीत मूळच्या झाडांची रोपं दर पावसाळ्याच्या शेवटी मोजा, तीन पावसाळे. कुंपणात रोपं आली आणि बाहेर नाही, तर अडचण चराईची आहे. चराईला आळीपाळीनं बंदी पुरते, लागवडीचा खर्च नको. दोन्हीकडे आली नाहीत आणि वणवाही लागला नसेल, तर बहुधा बीच पोचत नाही. मग ओढ्याच्या काठानं शेजारच्या टेकडीपर्यंत झाडांचा पट्टा उभा करायचा. त्यासाठीचं बी नर्सरीतून कुठलंही आणण्यापेक्षा त्याच डोंगररांगेतल्या निदान तीस वेगवेगळ्या झाडांवरून, दोन-तीन हंगामांत थोडं थोडं गोळा करावं. एकाच झाडाच्या बियांतून वाढलेली सगळी रोपं भावंडं असतात, आणि पुढे त्यांच्यात आपसांत फळधारणा कमी होते.